ती शिटी मी वापस देल्ली नाई

पहिलेच सांगून ठेवते, हे मी कोनाले माफ करासाठी लिहून नाई राह्यली. मामा म्हनते, "जुनं झालं पोरी, जाऊ दे न आता." काऊन जाऊ देऊ? मी आठवीत जानार होती तवा एका मानसानं माहा कुत्रा फसवून नेला, आन वरून माह्या बापासमोर मलेच खोटं पाडलं. आता मी बावीस वर्षाची झाली, तरी खाकी पॅन्ट घातलेला म्हातारा कुठं दिसला का मी दात करकर खाते. नाव कोनाचं लिहीत नाई. त्याच्या गल्लीतल्या लोकाइले तसंही दोन ओळीत समजन.

त्याची शिटी आत्ता माह्या टेबलावर हाय. पितळेची, एका अंगानं चेपलेली. मधात मधात टाइप करनं थांबवून मी तिच्याकडं पाहून राह्यली.

तं ऐका.

वर्धा जिल्हा म्हनलं का लोकाइले सपाट जमीन आन कापसाचे वावरं दिसतात. आमच्याकडं या एकदा, बोर धरनाच्या वरच्या अंगाले. आमच्या मांगच्या दारातून पाय बाहेर ठेवला का टेकडी. त्या टेकडीमांगं दुसरी टेकडी, आन तिच्यामांगं सागाचं जंगल. बाबाचं गावात किरान्याचं दुकान, आन टेकडीच्या पायथ्याशी एक वावर, त्यात मातीपेक्षा गोटे जास्त. तिथंच, तुरीच्या ओळीत, भुरा भेटला. त्याची माय बिबट्यानं नेली होती. हा एकटाच कुईकुई करत बसेल होता, मुठीएवढा. मी फ्रॉकात गुंडाळून घरी आनला. नाव-बिव ठेवाची भानगडच नाई, भुरा होता म्हनून भुरा.

बाबाच्या दुकानात वर्ध्यावरून गोरसपाक ये, तो तुपाचा कडक बिस्कुट. डब्याच्या बुडाशी त्याचा जो चुरा राहे, तो भुऱ्याचा. तो चुरा खाऊन खाऊन एका वर्षात हा वासराएवढा झाला. पन त्याची एक खोड होती, आन ती आमच्या गावात जीव घेनारी होती. टेकडीवर वांदर दिसलं का हा गेला. मंग हाका मारा. आन डोंगरात हाकेचं कसं होते, तुमी इकडून वरडता, आवाज समोरच्या टेकडीवर आपटते आन तिकडून येते. भुरा त्या आवाजामांगं पळे. मी इथं घसा फोडून "ये ये ये" करू आन तो अजून वर, अजून वर. दोनदा तं अंधार पडता पडता आला. वर बिबट हाय हे त्याले कोन सांगन?

मंग त्यानं बकऱ्या हाकलल्या. खेळत होता बिचारा, पन एक बकरी गोट्यावरून खाली पडली आन तिचा पाय मोडला. बकरीवाली काकू दुकानावर आली, चार गिऱ्हाइकं उभे असताना.

"काय हो भाऊ, कुत्रा पोसला का लांडगा? माही बकरी तीन पायावर घरी आली."

"भरून देतो न बाई," बाबा म्हनाले.

"आज भरून द्याल. उद्या माह्या नातवाले पाडलं तं नातू कुठून भरून द्याल?"

ती गेली. बाबानं तागडी खाली ठेवली आन मले बोलावलं. माहे बाबा वरडत नाई, वरडले असते तं बरं झालं असतं. म्हनाले, "शाळा लागेपर्यंत हा हाक मारली का आला पायजे. नाई आला तं धरनाच्या पल्याड सोडून देतो. मंग तो हाय आन बिबट हाय."

एप्रिल चालू होता. शाळा लागे जूनच्या शेवटी. दोन महिने. ज्या बिबट्यानं त्याची माय नेली त्याच बिबट्याले बाबा तिचं पोरगंही द्याले निघाले, आन ते खरंच दिलं असतं. मी बाबाले ओळखते.

म्हनून कुत्रे शिकवनारा मानूस शोधाचा. आता हसा. त्या टायमाले आमच्याकडं 'कुत्रे शिकवनारा' म्हनलं का लोकं तोंडाकडं पाहे. जनावराच्या डॉक्टरले इचारलं तं तो म्हने, "इथं लेकराइले शिकवाले मास्तर टिकत नाई, कुत्र्याले कोन येईन?" एसटीचा कंडक्टर म्हने, "पोरी, दगड मार, येते." पोस्टमनले इचारलं तं त्यानं पोटरी वर करून मले तीन जागी चावल्याचे डाग दाखवले. शेवटी माह्या मायनं गावच्या एकुलत्या एसटीडीवरून मामाले फोन लावला. मामा नाचनगावले राहते. मामा म्हने, "अवं हाय न! आमच्याच गल्लीत हाय. फौजेत कुत्र्याइच्या पथकात होता. साहेब म्हनतात त्याले सारे. तीन कुत्रे हायेत, तिन्ही मुतालेसुद्धा इचारून जातात."

मी इतकी उडाली का एसटीडीवाल्याचं टेबल हाललं.

मे लागताच बाबा आन मी भुऱ्याले घेऊन निघालो. बोऱ्यात टाकला, फक्त मुंडकं बाहेर. कंडक्टर म्हने लगेजचं तिकीट फाडतो, बाबा म्हने फाडा. वर्ध्यापर्यंत भुरा माह्या मांडीवर होता, वर्ध्यावरून पुढं सगळ्या गाडीच्या मांडीवर. एका बाईनं त्याले चिवडा चारला. तो कोनाचाही चिवडा खाये. तवा.

साहेबाचं घर मले आवडलं, हे मी लपवत नाई. झाडलेलं अंगन, चुन्यानं रंगवलेले गोटे एका लाइनीत, आन त्या गोट्याइसारखेच एका लाइनीत बसेल तीन कुत्रे. एकही भुकला नाई. भुरा बोऱ्यातून त्याइच्याकडं पाहून राह्यलता, आन ते पाहतही नव्हते. साहेब बाहेर आले. खाकी पॅन्ट, पांढरी बनेन, मिशा अशा का त्यावर लिंबू ठेवा. गळ्यात दोरी, दोरीले पितळेची शिटी.

बोलनं सारं हिंदी-मराठी खिचडी. "बेबी, प्रॉब्लेम बोलो."

मले बेबी म्हने. तेरा वर्षाच्या पोरीले. पहिला राग तिथंच आला, पन मी गिळला. टेकडीचं सांगतलं, हाकेचं सांगतलं. त्यानं मान हालवली. म्हने, "पहाड में आवाज घूमती है. शिटी घूमती नाई, सीधी कान में जाती है. देखो." मंग त्यानं एक लांब शिटी वाजवली. तिन्ही कुत्रे जमिनीले चिकटले. चपातीचा तुकडा त्याइच्या नाकासमोर टाकला. लाळ गळून राह्यली, डोळे तुकड्यावर, पन एकानंही तोंड लावलं नाई. साहेबानं आमच्याकडं पाह्यलं, थोडं थांबला, मजा घेतली, आन दोन छोट्या शिट्या मारल्या. तुकडा कुठी गेला समजलंही नाई.

"लंबी, मतलब बैठ. दो छोटी, मतलब छुट्टी. दो छोटी के बिना परायी चीज मुंह में नाई लेगा, पराये के पास जाएगा नाई. दो महीना लगेगा."

बाबा तं पार खूष. मीही खूष. हो, मीही.

"लेकिन एक शर्त," तो म्हने. "दो महीना मालिक नाई आने का. भेटनं नाई, पाहनं नाई. मालिक का प्यार कुत्ते का सबसे बडा दुश्मन है."

मामाचं घर तिथून आठ घरं. तरी म्हने इकडं फिरकाचं नाई. आन आमी 'हो साहेब' म्हनलं. तो फौजेतला, तो शिस्तीचा, त्याचे गोटेसुद्धा लाइनीत! आमच्याकडं खाकी पॅन्ट पाह्यली का लोकं इचारतच नाई. मी माह्या हातानं भुऱ्याची गोधडी देल्ली, मायच्या जुन्या लुगड्याची. गोरसपाकाचा पुडा देल्ला. त्यानं पुडा वापस केला. "ये मीठा बंद, बेबी."

निघालो तं भुरा वरडला. मी मांगं पाह्यलं नाई, कारन मालकाचं प्रेम दुश्मन होतं न.

दोन महिने मी दिवस खोडत बसली. जून संपता संपता बाबा आन मी वापस गेलो. मी नवीन पट्टा घेतलता, लाल. अंगनात तीन कुत्रे. तेच तीन. साहेब खुर्चीवर बसेल, पेपर वाचून राह्यलता. पेपर खाली न करताच म्हने, "अरे, आप लोग. वो तो भाग गया."

मले वाटलं मजाक करते.

"पंधरा दिन हुआ. साखळी तोडून भाग गया. जंगली खून है साहब, ऐसा कुत्ता टिकता नाई." मंग पेपर खाली झाला आन माह्याकडं बोट आलं. "और आपकी बेबी ने लाड में बिगाड के रखा था. मैं क्या करू?"

बाबानं माह्याकडं पाह्यलं. ते पाहनं मले अजून आठवते.

पन मी दुसरीकडं पाहून राह्यलती. भितीवर खिळा होता, खिळ्यावर साखळी, साखळीले भुऱ्याचा जुना पट्टा. साखळी साबूत. एकही कडी तुटेल नाई. आन पट्ट्याचं बक्कल उघडं. फाटलेलं नाई, ओढलेलं नाई, नीट उघडलेलं.

"बाबा," मी म्हनलं, "बक्कल पाहा. कुत्र्याले हात कवापासून फुटले?"

"चूप बैस. मोठ्याइसमोर असं बोलते?"

"पन साखळी तुटली म्हने, कुठी तुटली? दाखवा न तुटलेली!"

साहेब हसला. बाबाले म्हने, "बच्ची है, रोने दो."

मी रडली नाई. तिथं नाई. एसटीत बाबा म्हनाले, "तुह्याच लाडानं गेला तो." तवा मी खिडकीत तोंड घालून रडली, पार वर्ध्यापर्यंत. लाल पट्टा हातात. आन रडता रडता मी ठरवलं. कंपासच्या डब्याच्या झाकनावर आतून कर्कटकाच्या टोकानं कोरलं, 'पाहून घेईन'. भूमितीच्या तासाले रोज उघडू आन रोज वाचू. मले दोन गोष्टी पायजे होत्या. भुरा पायजे होता, आन त्या मानसाच्या तोंडून, चार लोकाइसमोर, खरं पायजे होतं. दुसरी गोष्ट थोडी जास्तच पायजे होती.

पोळा आला. मी हट्ट करून मामाकडं गेली. मायले वाटलं मन रमवाले चालली. मन!

ज्याइले माहीत नाई त्याइले सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं कर असते. संध्याकाळी लेकरं लाकडी बैल फिरवतात ते तं सगळ्याइले माहीत हाय. पन सकाळी मारबत असते. पळसाच्या फांद्या घेऊन लोकं गल्लीगल्लीतून निघतात, वरडत जातात, "खोकला, ताप, रोगराई घेऊन जाय वो मारबत!" आन गावाच्या शिवेबाहेर नेऊन सारं फेकतात. सोबत बडग्या असते, जुन्या कपड्यात कुटार, म्हंजे भुसा, भरून केलेला बुजगावन्यासारखा मानूस. ज्याचा राग असन त्याचा बडग्या करा. महागाईचा करा, लाइनमनचा करा. शिवेवर नेऊन जाळा. आन याच्यात एक कायदा हाय, कुठं लिहेल नाई पन सगळे पाळतात. बडग्या कोनाचाही असो, त्यानं चिडाचं नाई. हसाचं, आन लेकराइच्या हातावर खाऊ ठेवाचा. जो चिडला, बडग्या त्याचाच.

साहेब दरवर्षी फाटकात उभा राहून सारे बडग्ये पाहे आन पेपरमिंट वाटे. हे मले माहीत होतं.

बडग्या पोट्टे करतात. त्या वर्षी गल्लीत एक बडग्या पोरीइनं केला, मी आन मामाच्या दोघी पोरी. मामाची जुनी खाकी पॅन्ट, त्यात कुटार. पांढरी बनेन. काळ्या सुतळीची मिशी, तिले डिंक लावून असा ताव देल्ला का मामीनं खिडकीतून पाह्यलं आन पदर तोंडात कोंबला. जत्रेतली प्लास्टिकची शिटी गळ्यात. एका हातात दोरी, दोरीले खोक्याच्या पुठ्ठ्याचा कुत्रा, मातीनं भुरा रंगवेल. छातीवर पाटी: 'मी कोनाचा भुरा नेला?' बस. नाव नाई, गाव नाई.

"अवं, मार खाशीन," मामाची मोठी म्हने.

"खाईन. पहिले त्याले जाळू दे."

सकाळी निघालो. मिशी पाहूनच अर्धी गल्ली मांगं लागली. बाया दारात, मानसं ओट्यावर, दात घासता घासता. एक आजोबा म्हने, "ही मिशी तं पाहेल वाटते बाप्पा." साहेबाच्या फाटकासमोर आलो, थांबलो. तो पेपरमिंटचा पुडा घेऊन उभा. आमी वरडलो, माहा आवाज सगळ्यात वर, "लोकाइचे कुत्रे पळवनाऱ्याले घेऊन जाय वो मारबत!"

त्यानं हसाले पायजे होतं. फक्त हसाले. हसला असता, तं मी आज हे लिहून नसती राह्यली.

पेपरमिंटचा पुडा त्यानं खाली आपटला. "ए! किसने बनाया? चोर बोलता है मेरे को?" मिशा थरथर. "चोरी नाई किया मैंने! देवळी के शेठ को पसंद आया तो दिया! चोरी किया क्या?"

ओट्यावरचे दात घासनारे ब्रश तोंडातून काढून पुढं वाकले. 

मामा गर्दीतून पुढं आला. माहा मामा पानठेल्यावर बसून हसनारा मानूस, पन त्या दिवशी त्याचा आवाज लय हळू होता. "साहेब. तुमी तं म्हनलं होतं, पळाला."

साहेब खाली वाकून सांडलेले पेपरमिंट वेचाले लागला.

"काय साहेब," ते मिशीवाले आजोबा ओट्यावरून म्हने, "बिना शिटीचेच भुकून मोकळे झाले का?" आन सारी गल्ली फुटली. बाया, मानसं, पोट्टे. तो हसा अजून माह्या कानात हाय. त्याइतकं गोड मी काही ऐकलं नाई. बडग्या शिवेवर न्याची वाट कोनी पाह्यली नाई. मीच काडी लावली, त्याच्याच फाटकासमोर.

पन भुरा अजून देवळीले होता. मामानं स्कूटर काढली. "साहेब, बसा मांगं. शेठले तुमीच सांगान." इतक्या लोकाइसमोर तो नाई कसा म्हनन? मी समोर उभी, घोडी झालेली तेरा वर्षाची, हँडलच्या मधात, आन फ्रॉकाच्या खिशात गोरसपाकाचा पुडा. असेच तिघं देवळीले गेलो.

शेठचं घर मोठं, लोखंडी गेट, मांगं कापसाचं गोडाऊन. आन गेटच्या आत, सावलीत, भुरा. मायच्या लुगड्याच्या त्याच गोधडीवर. जाडा झालता. गळ्यात चामड्याचा पट्टा. मी "भुऱ्या!" म्हनून वरडली. त्याचे कान उभे झाले. शेपटी एकदा हालली. आन बस. जागचा उठला नाई.

शेठ पोळ्याच्या करंज्या खात बाहेर आला. मानूस वाईट नव्हता. मामाचं ऐकून घेतलं, साहेबाकडं पाह्यलं, साहेब गोडाऊनकडं पाहून राह्यला. शेठ म्हने, "मले तं साहेबानं त्याइचा स्वतःचा म्हनून देल्ला, माह्या हातचं तेवढं खाची सवय लावून. आता तुमी म्हनता तुमचा. पोरी, तुहा असन तं तुह्यापाशी येईन. बोलाव. मी धरत नाई."

मी खाली बसली. बोलावलं. नुसतं बोलावलं नाई, सगळं करून पाह्यलं, मांडी थोपटली, लाडानं बोलली, शिव्या देल्ल्या. भुरा थरथर कापून राह्यलता. पुढचे दोन्ही पाय जमिनीले रोवेल, अंग पुढं, आन तरी बसेल. मी पुडा फोडला, गोरसपाक त्याच्या नाकासमोर धरला. लाळेची तार जमिनीपर्यंत. डोळे बिस्कुटावर, मंग माह्यावर, मंग बिस्कुटावर. तोंड उघडलं नाई. हा तोच कुत्रा, जो एसटीत अनोळखी बाईचा चिवडा खात होता.

"पाह्यलं?" शेठ म्हने. "ओळखत नाई तुले."

ओळखत नाई! त्याचे डोळे पाहाले पायजे होते. तो मले ओळखून मरून राह्यलता. त्याले कोनी सुट्टी देल्ली नव्हती.

मी उठली आन साहेबासमोर गेली. "दोन छोट्या वाजवा."

"शिटी घर पे रह गयी."

गळ्यात दोरी दिसून राह्यलती, बनेनच्या आत गेलेली. मी दोरी धरली आन ओढली. पितळ बाहेर आलं. "मंग हे काय हाय? ताईत?"

"साहेब," मामा म्हने. "वाजवा."

त्यानं वाजवल्या. दोन. बारीकशा, ओठात जीव नसल्यासारख्या.

भुरा फुटला. दुसरा शब्दच नाई. माह्या छातीवर येऊन आपटला, मी चिखलात, पुडा कागदासकट खाल्ला, माह्या कानात तोंड घालून असा रडला का शेठनं हातातली करंजी खाली ठेवली.

शेठ साहेबाकडं वळला. "म्हंजे लोकाइचं जनावर तुमी माह्या दारात बांधलं? आन मी कापूसवाल्या चार जनाइले तुमचं नाव सांगतलं. उद्यापासून या गेटकडं येजा नोका."

मले तेवढ्यात पुरलं नाई. मी हात पुढं केला. "शिटी द्या."

"बेबी, ये सर्विस का है. मेरे बाकी कुत्ते इसी को पहचानते है."

"माहाही आता हिलेच ओळखते. हिच्याशिवाय तो डोंगरावरून उतरनार नाई. तुमीच शिकवलं."

तो मामाकडं पाहे, शेठकडं पाहे.  त्यानं दोरी डोक्यातून काढली. माह्या हातावर ठेवताना त्याचा हात थोडा थांबला. मी ओढून घेतली.

घरी आलो तं बाबा दुकानात होते. मामानं सारं सांगतलं, बक्कलापासून. बाबा उठले. आत गेले, गोरसपाकाचा अख्खा डबा आनला, सीलबंद, झाकन उघडून भुऱ्यासमोर ठेवला. भुरा बसूनच. बाबानं माह्याकडं पाह्यलं, म्हने, "वाजव न माय." मी दोन वाजवल्या.

आन एक गोष्ट मानाले लागते, शिकवलं त्यानं चांगलं. डोंगरात शिटी खरंच फिरत नाई. भुरा कितीही वर असो, एक लांब मारली का गोट्यासारखा बसे, दोन छोट्या मारल्या का गोट्यासारखा गडगडत खाली ये. बकरीवाली काकू स्वतःच त्याले भाकर टाकाची आन मले दोन वाजवाले लावाची. सात वर्षं तो राह्यला. बिबट्याले भेटला नाई. मांगच्या दाराशी, गोधडीवर, म्हातारा होऊन गेला.

साहेबानं शिटी तीनदा मांगतली. एकदा मामाच्या हातून चिठ्ठी. एकदा मामाच्या पोरीच्या लग्नात, मांडवात, लोकाइच्या नजरा चुकवून. मी मठ्ठा वाढून पुढं गेली.

तिसऱ्यांदा तो स्वतः आला. याच उन्हाळ्यात, एसटीनं, आमच्या गावाले. मिशा खाली आल्या होत्या. सोबत कुत्री, त्या लाइनीतल्या तिघाइपैकी शेवटली, तोंड पांढरं झालेलं. तिचंही लगेज फाडून आनलं असन. दुकानाच्या पायरीवर बसला, दम खाल्ला, म्हने, "बेबी, इतने साल मुंह से बजाता था, दात गये तो ये सुनती नाई अब. नयी शिटी लाया, समझती नाई. रोड पे चली जाती है. उस दिन ट्रक के नीचे... वो पुरानी देगी तो..."

शिटी माह्या ओढनीच्या गाठीत होती. भुरा गेल्यावरही मी ती सोबतच ठेवते.

बाबा काउंटरमांगून हळूच म्हनले, "देऊन टाक."

मी त्या मानसाकडं पाह्यलं. मले खिळा दिसला, खिळ्यावरची साखळी, उघडं बक्कल. एसटीची खिडकी दिसली.

"शिटी?" मी म्हनलं. "वो तो भाग गयी."

 त्याले समजलं. मले पायजेच होतं त्याले समजाले. तो उठाले लागला, गुडघ्यावर हात ठेवून.

कुत्रीचा काही दोष नव्हता. म्हनून मी बरनीतून एक गोरसपाक काढला आन तिच्यासमोर पायरीवर ठेवला. तिनं पाह्यलं. लाळ गळाले लागली. पन तोंड लावलं नाई. पांढरं तोंड वर करून त्याच्याकडं पाहे, माह्याकडं पाहे. त्यानं ओठ गोल केले, तोंडानंच दोन छोट्या माराचा प्रयत्न केला. दात नव्हते, नुसती हवा निघाली. कुत्री बसेलच.

गाठ माह्या मुठीत होती. पितळ गरम झालतं.

मी नाई वाजवली.

फाट्यावर एसटीनं हॉर्न मारला. तो निघाला, ती त्याच्यामांगं, तीनदा वळून पायरीकडं पाहत. बिस्कुट तिथंच राह्यला, संध्याकाळपर्यंत मुंग्या लागल्या. बाबा माह्याशी दोन दिवस बोलले नाई.

त्या कुत्रीचं मले वाईट वाटते. आत्ता लिहूनही वाटून राह्यलं. त्याचं नाई वाटत. शिटी टेबलावर हाय, आन टेबलावरच राहीन.